फुईचं ‘येस’

आखाजी जवळ आली की धुळ्याच्या एसटी स्टँडवर बायका दिसायला लागतात. एरवीही दिसतातच, पण या दिवसांतल्या लगेच ओळखू येतात. पुढे भाऊ चालत असतो, त्याच्या हातात बहिणीची पिशवी, आणि मागे बहीण, डोक्यावर पदर, एका हाताने पोराला ओढत आणि बोलत. सारखी बोलत. भाऊ ऐकतोय की नाही याची तिला फिकीर नसते. ऊन असं की डांबर चपलेला चिकटतं. अक्षय्य तृतीयेला आम्ही खानदेशात आखाजी म्हणतो, आणि हा सण देवाचा कमी, माहेरी आलेल्या लेकींचा जास्त. यंदा मी पुण्याच्या गाडीतून उतरले आणि शिंदखेड्याची गाडी लागेपर्यंत उसाचा रस पीत या बायकांची तोंडं बघत उभी राहिले. चेहरे नव्हे, तोंडं. ओठ, दात, जबडा. ही माझी जुनी खोड आहे, आणि एके काळी याच खोडीवर माझं पोट चालायचं.

पुण्यातल्या एका ॲनिमेशन स्टुडिओत मी कामाला होते. तिथे कुणी पात्रांची चाल काढायचं, कुणी झाडं-डोंगर रंगवायचं. मी ओठ काढायचे. परदेशी मालिकांचं काम आमच्याकडे यायचं. त्यात खारी, अस्वलं, एक चष्मेवालं बदक, सगळी इंग्रजीतून बोलायची. कानाला हेडफोन लावून एकेक शब्द चिरत बसायचं. इथे ‘म’ आला, ओठ मीट. इथे ‘आ’, जबडा खाली. ‘ऊ’ला चंबू, ‘फ’ला खालचा ओठ दाताखाली. समोर छोटा आरसा ठेवलेला. त्यात बघून आधी मी बोलायचे, मग खारीला बोलायला लावायचे. मला स्वतःला धड चार वाक्यं इंग्रजी येत नव्हती, आणि माझ्या खारी मात्र फाडफाड बोलायच्या.

गावी आबांना, म्हणजे माझ्या वडिलांना, कुणी विचारलं की पोरगी पुण्याला काय करते, तर ते सांगायचे, “जनावरेसना तोंडं काढस.” परिणाम असा झाला की एका सुट्टीत पलीकडच्या गल्लीतले नाना सकाळीच दारात हजर. त्यांच्या बैलाच्या तोंडातून लाळ गळत होती, खुरंही सुजली होती, आणि मी जरा बघून घ्यावं अशी त्यांची इच्छा होती. मी जनावरांची डॉक्टर नाही हे समजावताना माझ्या नाकी नऊ आले. शेवटी ते म्हणाले, “मंग पुनाले इतला दिन काय करी राहिनी तू?” आणि निघून गेले.  

ओठांची ही खोड मला लागली फुईमुळे. फुई म्हणजे आत्या. आबांची एकुलती एक बहीण, कमलफुई. आबा तिचा एकुलता एक भाऊ. तिचं सासर पहूरला, जळगावकडे. नकाशात बघाल तर दोन्हीकडे खानदेशच, पण बोली निराळी. आमच्याकडे अहिराणी, ‘आहे’ला ‘शे’. तिकडे ‘हाये’. लग्न होऊन गेली तेव्हा तिच्या बोलण्याला सासरच्या बायका तोंडाला पदर लावून हसायच्या. मग फुईने पहिल्याच वर्षात तिकडची बोली उचलली. “तोंडच बदली टाकं मी,” असं ती सांगते, जणू काही जुन्या बांगड्या उतरवून नव्या भरल्या.

मी लहान असताना आबांबरोबर तिला आणायला जायचे. सासरी लेकीला घ्यायला जाणाऱ्या माहेरच्या माणसाला मुऱ्हाळी म्हणतात. मुऱ्हाळी आल्याशिवाय लेक आखाजीला निघत नाही. आपल्या पायाने आली तर चार बायका विचारतात, काय गं, कुणी न्यायला नाही आलं? तेव्हा हा मानाचा मामला. धुळ्याहून चाळीसगाव, तिथून पाचोरा, आणि पाचोऱ्याहून पहूरला रेल्वेची छोटी गाडी. ती इतकी सावकाश जायची की मला वाटायचं, उतरून शेतातली कैरी तोडून पुन्हा चढता येईल. आबा चढू देणार नाहीत म्हणून मी उतरले नाही. पहूरच्या घरात फुई हळू बोलायची, ओठ जेमतेम उघडत. पाचोऱ्यापर्यंत तशीच. मग मोठ्या गाडीत आम्ही बसलो की कधीतरी तिच्या तोंडातून पहिला ‘शे’ निघायचा. त्यानंतर ती थांबायची नाही. जबडा सैल व्हायचा, गाल हलायचे, हसताना दाढा दिसायच्या. खिडकी मिळूनही मी बाहेर बघत नसे. फुईच्या तोंडाकडे टक लावून बसलेली असायचे आणि आबा म्हणायचे, हिला गाडी लागली वाटतं.

पुढे स्टुडिओत असं एक सॉफ्टवेअर आलं की त्याला आवाज दिला की ओठ आपोआप हलतात. मला कुणी काढून टाकलं नाही. माझ्याकडे यायचं ते काम तेवढं येईनासं झालं, आणि रिकाम्या टेबलाशी बसून मी आरशात स्वतःचंच तोंड बघू लागले. ते काही खास नव्हतं. तेव्हा मनात आलं, आपणच का एक छोटा सिनेमा करू नये? माहेरी येता येता एका बाईचं तोंड कसं बदलतं, एवढाच. अर्थात चित्रांचा. दुसरं येतंय काय मला? पहूर ते शिंदखेडा अशी फुईची कितीतरी तोंडं मी काढली, आणि एका आखाजीला ती घेऊन गावी गेले.

फुईने चष्मा पुसला, लावला, एकेक चित्र हातभर लांब धरून बघितलं.

“हाई मन्हं तोंड नही,” ती म्हणाली. “इतला दात शेतस का मन्हा तोंडमा?”

आणि हसली. खरंच, तेवढे दात नव्हते. माझ्या डोक्यात लहानपणीची फुई होती. समोरची फुई बोळकं उघडून हसत होती आणि त्या हसण्याचं एकही चित्र मला काढता आलं नसतं. पुढच्या आखाजीला मी कॅमेरा असलेल्या एका मित्राला बरोबर घेऊन फुईला आणायलाच गेले. हल्ली लोक विचारतात, ॲनिमेशनकडून दिग्दर्शनाकडे कशा वळलात? मी काहीतरी भारदस्त सांगते. खरी गोष्ट एवढीच की मला फुईच्या दातांचा अंदाज आला नाही.

दिग्दर्शन मला अजून कळलेलं नाही, हेही सांगून टाकते. चित्रात मी हलवल्याशिवाय पान हलत नाही. इथे मी पोहोचायच्या आधीच सगळं हलत होतं. कडुनिंबाला बांधलेला झोका, त्यावर दोरीला लटकलेल्या सगळ्या पोरी, चुलीवरच्या पालथ्या खापरावर आई टाकत होती तो मांडा, ओसरीत पितरांसाठी भरलेल्या घागरीवर ठेवलेलं डांगर, म्हणजे खरबूज, आणि त्याला हुंगणारी शेळी. पारावर पुरुषांचा पत्त्यांचा डाव. आखाजीला जुगार माफ, अशी आमच्या गावाने स्वतःची समजूत करून घेतली आहे. आबाही त्यात. मी “ॲक्शन” म्हटलं की फुई शाळेत फोटो काढायला बसल्यासारखी ताठ आणि गप्प. “कट” म्हटलं की सुरू. मित्र वैतागला आणि त्याने कॅमेरा बंद करायचंच सोडून दिलं. मी कुणाला काय सांगतेय, कोण ऐकतंय, काही पत्ता नाही. एक ना धड, भाराभर चिंध्या.

तर दुपारी पोरी जेवायला गेल्या आणि फुई स्वतः जाऊन झोक्यावर बसली. पाय जमिनीला लागतील इतकाच हलका झोका घेत होती. मी समोर उभी. कॅमेरा तिच्यासमोर, लाल दिवा लागलेला. तिने कॅमेऱ्याकडे बघितलं, मग माझ्याकडे, मग पुन्हा कॅमेऱ्याकडे.

“एक सालले माले लेवाले कोनी उना नही,” ती म्हणाली. “मी नवं लुगडं नेसेल व्हती. पिशवी भरेल व्हती. दिन बुडालगून उंबरावर बठनू.” तिने पायाने जमिनीला रेटा दिला. “मन्हा डोकामा झोका चालू व्हता.”

मग तिने पाय टेकवून झोका थांबवला आणि शेळीला हाकलायला उठली.

ते साल माझ्या जन्माच्या आधीचं असणार, माझ्या आठवणीत असं कधी झालं नव्हतं. कुणी आलं नाही म्हणजे आबा आले नाहीत, दुसरं कोण येणार? आबा तिथून हाकेच्या अंतरावर पत्ते पिसत होते. मला एकदम आबांचा राग आला, मग फुईचा आला की इतकी वर्षं बोलली का नाहीस, मग माझाच आला, कारण डोळ्यांत पाणी असताना मी मनात म्हणत होते, काय शॉट मिळाला!

दोन दिवसांनी तिचा मुलगा स्टँडवरून रिक्षा घेऊन तिला न्यायला आला. ती निघते ते आम्ही शूट करत होतो. तीनचाकीत बसलेली, मांडीवर सांजोऱ्यांचा डबा, रिक्षा धडधडत चालू. मी वाकून विचारलं, “फुई, ते तू झोकावर सांगं ना, ते सिनेमामा ठेवू का?”

तिने माझ्या गालाला हात लावला आणि म्हणाली, “येस.”

रिक्षा निघून गेली. मी खुशीत मागे वळले, आणि अंगणात पोहोचेपर्यंत माझं डोकं चालायचं थांबलं. कारण अहिराणीत ‘मी येस’ म्हणजे मी येते. घरातून निघताना ‘जाते’ म्हणायची आपल्याकडे रीत नाही. बाई निघते, मागे वळते आणि म्हणते, येस. मग फुईने मला परवानगी दिली, की नुसता निरोप घेतला? निरोपच असणार, म्हणून मी सोडून दिलं असतं. पण त्या आखाजीभर फुईची इंग्रजी शाळेतली नात तिला शिकवत होती, आणि फुई प्रत्येक गोष्टीला मान डोलावून तिचं इंग्रजी म्हणत होती. आई विचारायची, “अक्का, चहा लेस का?” “येस!” “अजून एक मांडा?” “येस, येस!” सगळं घर हसायचं. म्हणजे तेही असू शकतं. रिक्षाच्या त्या धडधडाटात तिने माझा प्रश्न ऐकला तरी होता का, देव जाणे.

वर्षभर ते दृश्य मी किती वेळा बघितलं असेल. आयुष्य ओठांत गेलं, निदान एक शब्द तरी ओळखता यायला हवा होता. ‘ये’ला ओठ ताणले जातात, ‘स’ला दात जुळतात. होकाराचं येस आणि निरोपाचं येस, दोन्ही तंतोतंत सारखी. स्टुडिओत असते तर दोन्हींसाठी एकच चित्र वापरलं असतं. आणि त्यात आणखी एक गंमत. ‘स’ म्हणताना माणूस हसल्यासारखा दिसतो. फुई शेवटी हसली, की तो नुसता ‘स’ होता? मी थांबवून बघायचे, पुढे-मागे करून बघायचे. एकदा वाटायचं हसतेय. चहा पिऊन आले की वाटायचं, छे.

फोन का केला नाही? केला. पण पहूरच्या घरी फोन सगळ्यांच्या मधोमध वाजतो, आणि तिथे फुई तिकडच्या तोंडाने बोलते. “बरी हाये, सगळे बरे हायेत, जेवली का तू?” त्या बोलीत मी तिला झोक्याबद्दल काही विचारूच शकले नाही. जीभ रेटेना. माहेरचं बोलणं माहेरच्या बोलीतच होतं असं मला वाटतं, पण हे खरं कारण, की मी नुसतीच घाबरले होते, तेही नक्की सांगता येत नाही.

आणि यंदा तीच येणार नाही असा निरोप आला. गुडघे दुखतात. पुढच्या वर्षी बघू. आबा “बरं” म्हणाले आणि फोन ठेवला. इकडे गावातल्या पोरांनी ठरवून टाकलेलं की आखाजीच्या संध्याकाळी शाळेच्या भिंतीवर पांढरी चादर लावून माझा सिनेमा दाखवायचा. सगळं गाव बसणार. पहिल्या रांगेत आबा, दिग्दर्शकाचे वडील म्हणून, धुतलेली टोपी घालून. झोक्यावरचं ते बोलणं ठेवलं तर त्यांची बहीण सगळ्या गावासमोर सांगणार की हा मला न्यायला आला नाही. काढलं तर मागे काय उरतं? मांडे, शेळी आणि डांगर. धरलं तर चावतं, सोडलं तर पळतं. सणाच्या आदल्या दिवशी मी घरात पोहोचले तोवर माझं काहीच ठरलं नव्हतं. दुपारी जेवणं झाल्यावर मी लॅपटॉप काढला आणि आबांपुढे ठेवला. मला दुसरं काही सुचलं नाही.

कूलरच्या घरघरीत काही ऐकू येईना, म्हणून आबांनी तो बंद करायला लावला. मग पंखाही. शिंदखेड्याची वैशाखातली दुपार, पत्र्याचं छप्पर, आणि आम्ही दोघं घामाने निथळत बसलेलो. आई दाराच्या चौकटीला टेकून उभी. पडद्यावर फुई गाडीत बसली, तिचा पहिला ‘शे’ आला, आबा गालात हसले. झोका आला. फुई बोलली. मी पडद्याकडे बघत नव्हते, आबांच्या तोंडाकडे बघत होते. ओठ मिटलेले. ‘म’, ‘प’, ‘ब’, काहीही असू शकलं असतं.  सिनेमा पुढे सरकला, रिक्षा आली, फुई “येस” म्हणाली आणि पडदा काळा झाला.

“मी पाचोरालगून गयथू,” आबा म्हणाले.

“मंग?”

“मंग परत उनू.”

का ते त्यांनी सांगितलं नाही. मी आईकडे बघितलं. तिने मान हलवली, म्हणजे तिलाही माहीत नव्हतं, किंवा माहीत होतं आणि सांगायचं नव्हतं. छोटी गाडी चुकली होती का? फुईच्या सासऱ्यांशी काही बोलाचाली झाली होती, त्यांच्या दारात जायची लाज वाटली? पाचोऱ्याच्या फलाटावर बसलेला एक तरुण माणूस मला दिसायला लागला, डोक्यावर टोपी, गाडी समोर उभी आणि तो चढत नाही. आणि दुसरीकडे उंबऱ्यावर बसलेली फुई. त्या दोघांच्या मधे थोडीशी तर शेतं होती. इतकी वर्षं मला वाटायचं की ही दोन माणसं एकमेकांना सगळं सांगतात, प्रवासभर तर बोलत असायची.

“परत लाव,” आबा म्हणाले.

मी झोका लावायला गेले. “ते नही. शेवटनं लाव.”

रिक्षा. धडधड. गालावर हात. येस. आबा पुढे वाकले. “अजून एक दाव.” पुन्हा येस. मला वाटलं तेही माझ्यासारखेच अडकले. मी समजावून सांगायला सुरुवात केली, की हे बघा आबा, होय म्हणतेय की निरोप घेतेय ते कळत नाही, म्हणून माझी अशी पंचाईत झालीय, तर तुम्हीच सांगा, ते झोक्यावरचं ठेवू की काढू?

त्यांनी माझ्याकडे असं बघितलं की मला त्या बैलवाल्या नानांची आठवण झाली.

“ती येस म्हननी ना?” ते म्हणाले. “मंग तिले लेवाले कोन जाई?”

“आबा, ते गेल्या सालनं शे.”

“गेल्या सालनं ऱ्हाय ना का. म्हननी ते म्हननी.”

“तिना गुडघा दुखतस.”

“म्हनीसनच लेवाले जानं पडी.” ते उठले. खुंटीवरची टोपी घेतली, झटकली. आई म्हणाली, ऊन तरी उतरू द्या. आबा वाकले. घडवंचीखालून रिकामी पिशवी ओढली, तिच्यात पाण्याची बाटली आणि धोतर टाकलं. मी लॅपटॉप मांडीवर घेऊन तशीच बसलेली. होकार आणि निरोप या दोन अर्थांत मी वर्षभर गटांगळ्या खाल्ल्या, आणि त्या शब्दाचा साधा, रोजचा, पहिला अर्थ मला एकदाही ऐकू आला नव्हता. मी येते. येते म्हणाली होती ती. यायला तयार होती, न्यायला कुणी आलं तर.

पण आबांनी तरी बरोबर ऐकलं कशावरून? हाही प्रश्न मला पडला. त्यांना जे ऐकायचं होतं ते ऐकलं असेल.

“आबा, पन सिनेमानं काय करू? काढू का ठेवू?”

“तिलेच इचार,” चपला पायात सरकवत ते म्हणाले. “ती आठे बशी, देखी, मंग सांगी.”

पाचोऱ्याची छोटी गाडी आता नाही. धुळ्याहून जळगाव, जळगावहून पहूर, दोन एसट्या. अंगणात ऊन पांढरं झालं होतं आणि कडुनिंबाखाली झोका नुसता लटकत होता, त्यावर कुणी नव्हतं. आबा फाटकापर्यंत गेले, थांबले, वळले. आता त्यांचं वय असं की एकट्याने एवढा प्रवास करू नये, आणि स्वभाव असा की ते कधी बोलून दाखवणार नाहीत. पिशवी या हातातून त्या हातात घेत त्यांनी रस्त्याकडे बघितलं.

“तू येस का?” त्यांनी विचारलं.

मी लॅपटॉप मिटला. “येस,” म्हणाले. कोणत्या भाषेत म्हणाले, ते मला अजून कळलेलं नाही.